भाकरीचा पापुद्रा

(दृश्य: लातूर जिल्ह्यातल्या एका गावात पहाट. चुलीवर तवा. ज्वारीचं पीठ थापणारे दोन हात.)

निवेदन:

भाकर तव्यावर पडते. वरून पाण्याचा हात फिरतो. ती उलटते, आणि मग निखाऱ्यांसमोर उभी टेकवली जाते. आता नजर हलवू नका. एका कडेला बोटाएवढा फुगा येतो, सरकत सरकत पार दुसऱ्या कडेला जातो आणि अख्खी भाकर टम्म होते. पापुद्रा सुटला.

थापताना पीठ एकच होतं. आत जागा कुणी ठेवली नव्हती. एका थराचे दोन झाले, आणि त्या दोघांच्या मधे जागा झाली. वरचा थर पातळ, खालचा जाड.

तुमच्या-माझ्या पोटातली जागासुद्धा अशीच झाली. आईच्या पोटात चौथा आठवडा चालू होता, आपली लांबी जेमतेम २-३ मिलिमीटर होती, तेव्हा आपल्या अंगातल्या एका थराला असाच पापुद्रा सुटला. त्या जागेचं नाव देहगुहा.

(दृश्य: शीर्षक. मागे भाकरीची वाफ.)

देहगुहा म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाला वेरूळ-अजिंठा आठवणार. पण वेरूळच्या गुहेला दार आहे, या गुहेला नाही. इथं एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा, कारण मी शिकवते त्या वर्गात दर वर्षी हाच गोंधळ होतो. आपण जेवतो ते अन्न ज्या पोकळीत जातं, ती देहगुहा नव्हे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक लांब नळी आहे. ती दोन्ही टोकांना उघडी आहे, म्हणजे तिच्या आतली हवा, पाणी, भाकर हे सगळं खरं तर बाहेरच्या जगाचंच. देहगुहा म्हणजे ही नळी आणि अंगाची बाहेरची भिंत यांच्या मधली बंद जागा. तिच्यात थोडासा द्रव असतो, आणि त्या द्रवात आतडी, यकृत, हृदय असे अवयव आपापल्या जागी सैल टांगलेले असतात.

सैल, हा शब्द लक्षात असू द्या.

(दृश्य: वर्गातला फळा. खडूनं काढलेली तीन वर्तुळं.)

दहावीच्या विज्ञानात हा भाग येतो. देहगुहाहीन, फसवी देहगुहा, सत्य देहगुहा. मी शिकले तेव्हा फळ्यावर तीन वर्तुळं निघाली, नावं लिहिली गेली, परीक्षेत ती तशीच उतरली. ही तिन्ही वर्तुळं आपल्या गोठ्यात, शाळेत आणि वावरात जिवंत आहेत, हे मला कुणी सांगितलं नाही. ते राहून गेलेलं दाखवावं म्हणून हा माहितीपट.

(दृश्य: नाथसागराचा काठ. उन्हाळ्यात उघडी पडलेली गाळपेराची जमीन. चरणारी ढोरं.)

जायकवाडीचं पाणी मागे हटतं तशी ओलसर गाळाची जमीन उघडी पडते. तिथं हिरवं गवत येतं. सगळीकडे वाळलेलं असताना असं गवत दिसल्यावर गुराखी ढोरं तिकडेच घालणार. याच ओल्या काठावर छोट्या गोगलगायी असतात, आणि त्यांच्यातून बाहेर पडून गवताला चिकटून बसतात यकृतकृमीची पिल्लं. गवताबरोबर ती पोटात जातात. काही महिन्यांनी ढोर खंगतं, जबड्याखाली पाण्याची सूज येते, दूध आटतं.

हा बघा तो कृमी. लांबट पानासारखा, ३ ते ५ सेंटिमीटर, आणि विलक्षण चपटा. याला मधून कापलं तर पोकळी सापडत नाही. बाहेरची कातडी, आतली अन्नाची पिशवी, आणि मधे मऊ पेशींचा गच्च भरलेला गाभा. भाकरीला पापुद्रा सुटलाच नाही. हा देहगुहाहीन.

म्हणून तर तो चपटा आहे. आत द्रव खेळवायला जागा नाही, रक्त नाही, हृदय नाही. प्राणवायू काय आणि अन्न काय, एका पेशीकडून शेजारच्या पेशीकडे झिरपतच जाणार. झिरपणं फार लांब पोचत नाही. अंग जाड केलं तर मधल्या पेशी उपाशी मरतील. त्याची अन्नाची पिशवीही पाहा, झाडाच्या फांद्यांसारखी सगळ्या अंगभर फुटलेली आहे. अन्न वाहून नेणारं दुसरं कुणी नाही, तेव्हा आतड्यालाच घरोघर जावं लागतं. पट्टकृमी तर आणखी पुढचा. त्यानं आतडंच टाकून दिलं. तो यजमानाच्या आतड्यात राहतो आणि कातडीनंच जेवतो.

याला मागासलेला म्हणू नका. ज्यानं आपल्या म्हशीचं यकृत पोखरलं, त्याला मागासलेला म्हणून चालत नाही.

(दृश्य: जिल्हा परिषदेची शाळा. ओळीत बसलेली लेकरं. बाईंच्या हातात गोळ्या.)

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. राष्ट्रीय जंतनाशक दिन. वर्गात अल्बेंडाझोलची गोळी चावून खायची, बाईंच्या समोर, आणि वर पाणी प्यायचं. ही गोळी कुणासाठी आहे?

हा बघा. जंत, गोलकृमी. मादी २० ते ३५ सेंटिमीटरची, आणि दिवसाला २ लाखांच्या आसपास अंडी. मातीतून, न धुतलेल्या हातातून, भाजीतून ती आपल्यात येतात. काचपेटीतला हा नमुना बोटानं दाबून पाहिला होता मी, विद्यार्थी असताना. फॉर्मलिनमधला असूनही ताठ लागला, आणि जिवंतपणी तर तो त्याहून ताठ असतो. त्याच्या आतल्या पोकळीतला द्रव सतत दाबाखाली असतो, सरासरी ७० मिलिमीटर पाऱ्याइतका. आपल्या रक्तदाबाचा खालचा आकडा आठवा, साधारण तेवढाच.

म्हणजे याला पोकळी आहे. मग फसवी का म्हणायची?

(दृश्य: माळवदाचं जुनं घर. पांढऱ्या मातीनं भिंत लिंपणारी बाई.)

एक खोली समजा. तिच्या बाहेरच्या भिंतीला आतून छान लिंपण आहे, पण खोलीच्या मधून जो खांब गेलाय, तो तसाच उघडा. त्याच्यावर मातीचा हात फिरलेलाच नाही. जंताची पोकळी अशी. भ्रूणात तीन थर असतात. बाहेरचा, मधला आणि आतला. स्नायू होतात मधल्या थरापासून. जंतात हा मधला थर फक्त बाहेरच्या भिंतीला लागतो, मधून गेलेल्या आतड्याला नाही. त्यामुळे आतडं म्हणजे पेशींच्या एकाच थराची नुसती नळी. तिला स्वतःचे स्नायू नाहीत, ती अन्न पुढे ढकलू शकत नाही. बाहेरच्या द्रवाचा दाब तिला कायम चपटं दाबत असतो. म्हणून जंताच्या घशाला जोरदार पंपासारखं काम करावं लागतं. तो अन्न आत कोंबतो, आणि आतला दाबच ते मागे रेटतो.

ही पोकळी येते कुठून? अंड्याचं विभाजन होत जातं तसा पेशींचा एक गोळा तयार होतो आणि त्याच्या पोटात जागा राहते. बहुतेक प्राण्यांत पुढे ती बुजते. गोलकृमीसारख्यांत तिचाच अवशेष टिकून राहतो, असं पाठ्यपुस्तकं सांगत आली. बांधकाम करताना राहून गेलेली जागा. मुद्दाम काढलेली खोली नव्हे.

तरी तिच्यावर त्याचं भागतं. जंताला आडव्या कड्यांचे स्नायू नाहीत, फक्त उभे आहेत. एका बाजूचे आकसले की अंग वळतं, आतला दाब त्याला पुन्हा सरळ करतो. एवढ्याच भांडवलावर तो आतड्याच्या प्रवाहात तग धरून राहतो.

(दृश्य: गांडूळ खताचा बेड. गोणपाटाखालची ओली माती. ओंजळीत उचललेली तांबूस गांडुळं.)

आता माझ्या आवडीचा प्राणी.

खताच्या बेडमधलं हे आयसेनिया गांडूळ हातात घ्या आणि जरा दाबा. जोरानं नको. पाठीवरून पिवळसर द्रव येतो. बोटाला वास घ्या. उग्र आहे. गांडूळ खत करणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला हा वास ओळखीचा, पण ते पिवळं पाणी काय, हे विचारलं तर घाम, मूत, विष अशी उत्तरं मिळतात. तो त्याच्या देहगुहेतला द्रव आहे. पाठीवर कड्याकड्यांच्या मधे बारीक छिद्रं आहेत, त्यांतून तो बाहेर टाकतो. कातडी ओली राहते, शत्रूला चव नकोशी होते, आणि त्या द्रवातल्या पेशी जंतूंना गिळतात. आपण आत्ता ज्या गुहेविषयी बोलतोय, तिचं पाणी बोटावर आहे.

(दृश्य: गांडुळाच्या आडव्या छेदाची स्लाइड, सूक्ष्मदर्शकाखाली.)

इथं खोली दोन्ही बाजूंनी लिंपलेली आहे, म्हणून ही सत्य देहगुहा. बाहेरच्या भिंतीला मधला थर, आणि आतड्यालाही मधला थर. आतड्याला स्वतःचे स्नायू मिळाले. आता आतडं आपल्या लयीनं चालतं आणि अंग आपल्या लयीनं. जेवण पचत असताना चालता येतं! आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलंय की यात काही विशेष वाटत नाही. यकृतकृमीला विचारा. त्याचं अंग वळलं की आतडंही सोबत पिळतं.

आणि गांडुळानं आणखी एक केलं. त्यानं या लांब गुहेत पडदे घातले. बाहेरून जी कडी दिसतात, त्यांच्या आत बहुतेक ठिकाणी एकेक पडदा आहे, म्हणजे एकेक खोली. पाणी दाबून लहान होत नाही. खोलीभोवतीचे आडवे स्नायू आवळले की खोली लांब आणि बारीक होते, उभे स्नायू आवळले की आखूड आणि जाड. पुढचं अंग लांब होऊन मातीत घुसतं, मग जाड होऊन तिथं रुततं, मागचं अंग ओढून घेतं. हाड नाही, तरी वावरातलं गांडूळ आपल्या भारी काळ्या जमिनीत वाट काढतं. त्याचा सांगाडा पाण्याचा आहे.

(दृश्य: तळहातावर गांडुळाचा कोष. गव्हाच्या दाण्याहून लहान, लिंबाच्या आकाराचा, पिवळसर.)

बेड चाळताना हे दाणे दिसतात. यांच्या आत पापुद्रा सुटतो. मधल्या थराच्या पेशी सुरुवातीला दोन्ही बाजूंना भरीव पट्ट्यांसारख्या असतात. पट्ट्यांचे तुकडे पडतात, एकेका कड्याला एकेक जोडी. मग प्रत्येक तुकडा मधून उकलतो. बाहेरचं पान भिंतीला जाऊन चिकटतं, आतलं आतड्याला, आणि मधे गुहा. चुलीपुढचं दृश्य आठवा. फरक एवढाच की तिथं वाफ काम करते, इथं पेशी स्वतः सरकतात.

(दृश्य: बीड जिल्ह्यातलं रेशीम संगोपनगृह. तुतीचा पाला. अळ्यांचा खाण्याचा पावसासारखा आवाज.)

एकदा गुहा मिळाली म्हणजे ती मोठीच होत जाते, असं नाही. या अळ्या पाहा. गर्भात असताना यांच्याही प्रत्येक कड्यात देहगुहेच्या छोट्या पिशव्या होत्या. पुढे त्यांच्या भिंती विरघळल्या आणि त्या रक्ताच्या जागेत मिसळून गेल्या. अळीच्या अंगात जी मोठी पोकळी उरली, तिच्यात रक्तच भरलेलं आहे. नळ्यांतून फिरणारं नव्हे, अवयवांना न्हाऊ घालणारं. तिला रक्तगुहा म्हणतात. मोठ्या अळीच्या पाठीवर निरखून पाहिलंत तर कातडीखाली एक गडद रेघ धडधडताना दिसते. ते तिचं हृदय.

रेशीम करणाऱ्यांना ही पोकळी एका वाईट दिवशी भेटते. ग्रासरी रोग आला की अळी फुगते, कडी सुजतात, कातडी चमकायला लागते, आणि जरा धक्का लागला की फुटून दुधासारखं पांढरं पाणी सांडतं. निरोगी अळीचं रक्त स्वच्छ असतं. ते पांढरं होतं कारण त्यात विषाणूंचे कोट्यवधी कण साचलेले असतात. संगोपनगृहाच्या दारात चुना का टाकतात, निर्जंतुकीकरणाला एवढं महत्त्व का, ते या एका थेंबात आहे.

(दृश्य: कापसाचं वावर. फोडलेलं बोंड. आत गुलाबी अळी.)

आणि बीटी कापूस. २००२ मध्ये तो आला, २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. मराठवाड्यातल्या कापूसवाल्या घरांत बीटी हा शब्द लेकरालाही माहीत आहे, पण तो मारतो कसा? अळीनं पान खाल्लं की या कापसात तयार होणारं बीटी प्रथिन तिच्या आतड्याच्या भिंतीला विशिष्ट जागी चिकटतं आणि छिद्रं पाडतं. आतडं आणि रक्तगुहा यांच्या मधला बांध फुटतो. आतड्यातले जिवाणू रक्तगुहेत शिरतात. अळीचं खाणं बंद होतं, रक्त नासतं, ती मरते. सगळी लढाई त्या एका भिंतीवर आहे. गुलाबी बोंडअळीनं ती भिंत सांभाळायला शिकून घेतलं, म्हणजे विष जिथं चिकटायचं त्या जागाच बदललेल्या अळ्या टिकल्या आणि वाढल्या. २०१७ च्या खरिपात त्याची किंमत कापूस उत्पादकांनी मोजली. अळीच्या पोटातल्या काही रेणूंचा बदल, आणि इकडे वर्षभराचा हिशेब बसत नाही.

गोगलगायीचं थोडक्यात. २०२२ साली लातूर, बीड, धाराशिवकडे कोवळं सोयाबीन शंखी गोगलगायींनी फस्त केलं होतं, ते विसरलेलं नसेल कुणी. तिची खरी देहगुहा हृदयाभोवतीच्या आणि एक-दोन अवयवांमधल्या छोट्या पोकळीपुरती उरलीय. बाकी रक्तगुहाच.

(दृश्य: प्रयोगशाळेतली काचेची बरणी. फॉर्मलिनमध्ये तारामासा.)

मराठवाड्याला समुद्र नाही, म्हणून याची भेट बरणीतच. पण गुहा करायची दुसरी रीत यानं दाखवली आहे. याच्या भ्रूणात थर उकलत नाही. कोवळ्या आतड्याच्या भिंतीलाच बाजूंनी बटव्यासारखे फुगवटे येतात, त्यांची तोंडं आवळत जातात, आणि ते बटवे सुटून वेगळे होतात. बटव्याच्या आतली जागा हीच देहगुहा. तारामासा ज्या शेकडो नळीपायांवर चालतो, तेही याच बटव्यांपैकी एकाचं पुढचं रूप.

ऑस्कार आणि रिचर्ड हर्टविग या जर्मन भावांनी १८८१ मध्ये देहगुहेवर आख्खा सिद्धान्त मांडला, तेव्हापासून गुहा कशी होते यावरून प्राण्यांची कुळं लावायचा प्रयत्न चालू झाला. बराच काळ तो चाललाही. मग १९९७ साली जनुकीय पुराव्यानं एक धक्का दिला. फसव्या देहगुहेचा गोलकृमी, ज्याला आपण पायरीनं गांडुळाच्याही खाली ठेवत होतो, तो नात्यानं निघाला कीटकांच्या जवळचा, वेळोवेळी कात टाकणाऱ्यांच्या कुळातला. वर्तुळं खरी आहेत, पण ती वंशावळ नाही. मला वाटतं, फळ्यावर ती तीन वर्तुळं काढताना हे एक वाक्य दर वेळी सांगायला हवं.

आपलं तर आणखी नवल. नात्यानं आपण तारामाशाच्या बाजूचे, पण गुहा मात्र उकलूनच करतो.

(दृश्य: कोंबडीच्या भ्रूणाची स्लाइड, आडवा छेद.)

रवणावर बसलेल्या कोंबडीच्या अंड्यातला हा जीव, साधारण दीड दिवसाचा. मधे पाठीचा कणा होणार ती जागा, आणि दोन्ही बाजूंना मधला थर. कडेला बघा, थर उकलला आहे. दोन पानं, मधे फट. वरचं पान अंगाच्या भिंतीचं होईल, खालचं आतड्याचं. याच सुमारास शेजारी हृदय पहिल्यांदा थरथरतं. हृदयाला हलायला जागा हवी, ती आधीच करून ठेवलीय.

माणसात ही फट घोड्याच्या नालासारखी वाकते. नालाचा वाक हृदयाभोवती, दोन दांड्या पोटाकडे. मग पडदे पडतात. एका गुहेच्या तीन जागा होतात. हृदयाभोवतीची, फुप्फुसांभोवतीची आणि पोटाची. सुरुवातीला पोट इतकं अपुरं असतं की सहाव्या आठवड्यात आतड्याचं वेटोळं सरळ नाळेत जाऊन राहतं. दहाव्या आठवड्याच्या सुमारास गुहा मोठी झाली की ते वळत वळत परत येतं. मुलग्यांत पुढे उदरावरणाची, म्हणजे पोटाच्या गुहेच्या आतल्या अस्तराची, एक बोटभर पिशवी जांघेतून अंडकोशापर्यंत उतरते. तिचं तोंड बुजायला हवं. नाही बुजलं तर लेकरू रडताना जांघेत गाठ दिसते, किंवा अंडकोशात पाणी भरतं. तेव्हा त्याच्या आईला कुणी म्हणू नये की तू जड उचललंस म्हणून असं झालं. एक दार लागायचं राहिलं, एवढंच.

छाती आणि पोट यांच्या मधे जो स्नायूचा पडदा येतो, ते श्वासपटल. असा पूर्ण पडदा फक्त सस्तन प्राण्यांना आहे. कोंबडीला नाही.

म्हशीला आहे. आणि त्याचं महत्त्व शेवटच्या दृश्यात.

(दृश्य: आखाड्यावरचा गोठा. निंबाखाली बांधलेली म्हैस. कोपरं बाहेर काढून, पाठ कमानीसारखी करून उभी. डॉक्टर हातमोजा चढवतात.)

तीन दिवस रवंथ नाही. बसताना कण्हते. कडबाकुट्टीत पेंढीची तार आली असावी, असा मालकाचा अंदाज. ढोर चारा चावून खात नाही, आधी गिळतं. तार जड, ती जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या पुढच्या कप्प्यात, जाऊन बसते. जाळीपोट श्वासपटलाला टेकलेलं, आणि त्याच्या पलीकडे लगेच हृदय. मधे अंतर काही बोटांचं.

डाव्या भकाळीत भूल दिली. म्हैस उभीच आहे. कातडी, मग स्नायू, आणि शेवटी तो पातळ चमकदार पापुद्रा, उदरावरण. तो उघडताच डॉक्टरांचा हात कोपरापर्यंत आत गेला. कोटीपोट, म्हणजे पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, अजून कापलेलं नाही. हात कोटीपोट आणि अंगाची भिंत यांच्या मधून फिरतोय. वर, खाली, पुढे. कुठंही अडत नाही, सगळं ओलं, गुळगुळीत, निसटतं.

मग पुढे एका ठिकाणी हात थांबला.

"इथं चिकटलंय."

जाळीपोट श्वासपटलाला चिकटलं होतं. जिथं दोन पानं एकमेकांवरून घसरायला हवीत, तिथं जागाच उरली नव्हती. दुखणं तिथं होतं.

कोटीपोट उघडलं, ओंजळी-ओंजळीनं चारा काढला. आतून हात जाळीपोटात गेला, आणि बाहेर आला तेव्हा दोन बोटांत तारेचा तुकडा होता, करंगळीएवढा, एका टोकाला घासून टोकदार झालेला. पडदा पार व्हायच्या आधी सापडला. डॉक्टरांनी तो मालकाच्या तळहातावर ठेवला.

कोटीपोट शिवलं, धुतलं, हातातून सोडलं. ते आपसूक घसरत आपल्या जागी गेलं. मग सगळ्यात आधी आतला पापुद्रा शिवायला घेतला.

(दृश्य: दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. म्हैस बसलेली. जबडा हळूहळू हलतोय. आवाज फक्त रवंथाचा.)